कुकर ऐकणारी आयडेला

आयडेला स्टिडमच्या स्वयंपाकघरात घड्याळ होतं, पण त्याचा मान बेताचाच. वर्षभराच्या भाज्या बरण्यांत बंद करायच्या दिवसांत ते फक्त सुरुवात आणि शेवट सांगे. मधली सगळी चाळीस मिनिटं आयडेलाच्या कानांची. सात बरण्या पोटात घेणारा तिचा थोरला कुकर गॅसवर चढला आणि त्यातली हवा भसाभसा बाहेर पडून गेली, की ती त्याच्या डोक्यावर वजन ठेवी. थोड्या वेळाने ते वजन डुलायला लागे. छुक छुक, छुक छुक. मग आयडेला खुशाल पडवीत जाऊन बसे, मांडीवर पातेलं घेऊन पुढचे बटाटे सोलायला घेई, आल्यागेल्याची चौकशी करी, आणि तरी तिचा एक कान आत असे. आवाज घाईवर आला की ती उठून आच बारीक करी, रेंगाळला की मोठी करी. केंटकीच्या त्या डोंगराळ मुलखात कुकर घरोघरी होते, पण नुसत्या आवाजावर कुकर चालवणारी बाई कॉडिल खोऱ्यात एकच होती. आयडेलाची बरणी डोळे मिटून उघडावी, असं तिथे म्हणत.

बटाट्याच्या बाबतीत हे म्हणणं हलकं नव्हे. गुड फ्रायडेला लावलेले बटाटे तिकडच्या भर उन्हाळ्यात, जुलै-ऑगस्टात निघत. मोठे तळघरात पेंढ्यावर जाऊन निवांत पडत, पण गोटीएवढे बारके ठेवणीत टिकत नाहीत, सुरकुततात नाहीतर कोंब काढतात. म्हणून ते सोलायचे, उकळून घ्यायचे, बरणीत भरायचे, चमचाभर मीठ आणि वर ताजं उकळतं पाणी घालून झाकण लावायचं. साल ठिपक्याएवढीसुद्धा राहता कामा नये, कारण सालीला माती असते, आणि मातीतलं विष बंद बरणीत वाढलं तर वास येत नाही, रंग बदलत नाही, माणूस तेवढा जातो. चिंचेसारखा आंबटपणा बटाट्यात नाही, त्यामुळे नुसत्या उकळीला ते विष दाद देत नाही. त्याला कुकरचा दाबच हवा, तोही सलग. मधे खंड पडला तर पुन्हा पहिल्यापासून मोजायचं. हे आयडेलाला तिच्या आईने शिकवलं होतं, तेही डोळे वटारून.

घरात एकच माणूस असा होता की ज्याला स्वयंपाकघरात मज्जाव होता, आणि तो म्हणजे तिचा नवरा हर्शेल. नवीन लग्न झालेलं असताना, बायकोला तेवढीच मदत म्हणून, त्याने वाफ उतरायच्या आत कुकरचं झाकण जोर लावून फिरवलं होतं. तो वाचला ही देवाची कृपा. घेवड्याच्या शेंगा मात्र छताला जाऊन चिकटल्या आणि त्यांचा हिरवट डाग दोनदा रंग काढूनही गेला नाही. त्या दिवसापासून हर्शेलने उंबरा ओलांडायचा नाही आणि कुकरविषयी ब्र काढायचा नाही, असा हुकूम निघाला. हर्शेल बोलका माणूस. खाणीत कोळशाच्या अंधारातसुद्धा त्याचं तोंड चालू असायचं असं त्याचे सोबती सांगत. पण हा हुकूम त्याने इमानाने पाळला, आणि सगळा घोटाळा त्या इमानदारीने केला.

म्हणजे अर्धा घोटाळा. उरलेला अर्धा आयडेलाच्या कानांचा.

कान एका दिवसात जात नाहीत, हळूहळू जातात, आणि जाताना दोष दुसऱ्यावर टाकून जातात. आधी आयडेलाच्या लक्षात आलं की चर्चमधले पाद्रीबुवा हल्ली तोंडातल्या तोंडात बोलतात. मग रातकिडे कमी झाले. मग ओढ्यापलीकडच्या ओर्फा कॉडिलला माज चढला आणि ती साधं "कशी आहेस" सुद्धा खेकसून विचारायला लागली. तिन्ही मुलं ओहायोला मोटारींच्या कारखान्यात लागल्यावर माज चढायचाच, असं आयडेलाने धरून टाकलं. आणि सगळ्यांत मोठं नवल म्हणजे हर्शेल गप्प झाला. खाणीतून निवृत्त होऊन घरी बसलेला नवरा गप्प झाला तर कोणती बायको चौकशी करत बसेल? तिला बरंच वाटलं. तो पडवीत रेडिओशेजारी बसे, कुत्र्याशी काहीतरी बोले. वय झालं की पुरुष असेच होतात, असं ती स्वतःशी म्हणे.

मनात कुठेतरी तिला ठाऊक होतं. कारण गेली दोन वर्षं कुकर लावल्यावर ती पडवीत जात नव्हती. शेगडीसमोर खुर्ची टाकून, वजनाचं डुलणं डोळ्यांनी बघत बसे. कोणी विचारलं तर गुडघ्यांचं नाव सांगे. गुडघे बिचारे ठणठणीत होते. पण तिच्या सासूने कानात यंत्र बसवलं होतं आणि ते भर प्रार्थनेत शिट्ट्या मारायचं, बाया पदराआड हसल्यासारख्या हातपंख्याआड हसायच्या, त्यांत आयडेला स्वतः पुढे असायची. आता तीच वेळ आपल्यावर आली हे कबूल करायला तिची जीभ रेटत नव्हती.

त्या ऑगस्टमध्ये एक दिवस असा उकाडा झाला की शेगडीसमोर बसवेना. गॅसवर बटाट्याच्या सात बरण्या होत्या, वजन झकास डुलत होतं. आयडेलाने घड्याळ पाहिलं, पातेलं उचललं आणि पूर्वीसारखी पडवीत जाऊन बसली. वारा येत होता. हर्शेल पलीकडे रेडिओवर मयतांच्या बातम्या ऐकत होता, कोण गेलं, कुठल्या चर्चात ठेवलं आहे, फुलं कुठे पाठवायची. वेळ झाल्यावर ती आत गेली आणि बटण फिरवून आली. कुकर आज लवकर निवला असं तिला वाटलं खरं, पण उकाड्यात डोकं कुठे चालतं. बरण्या काढून टेबलावर टॉवेलवर मांडल्या.

इथे त्या घरातला एक रिवाज होता. बरण्या निवताना एकेक झाकण आत ओढलं जातं आणि बारीक "टिंग" वाजतं. सातही वाजेपर्यंत घरात कोणी बोलायचं नाही. आयडेलाने रिवाज पाळला, ओठ मिटून उभी राहिली. काही ऐकू आलं नाही, पण सकाळी बोट लावून पाहिलं तर सातही झाकणं मधे दबलेली, घट्ट. ती झाकणं काय, अर्धवट शिजलेल्या बरणीवरही घट्ट बसतात. बरण्या भरल्या त्याच संध्याकाळी जेवण करायला गॅस पेटेना, तेव्हा हर्शेलने पडवीमागचा सिलेंडर बदलला. काम आटोपेपर्यंत पुरला हे नशीब, असं म्हणून आयडेला मोकळी झाली.

मग आठवड्याभराने ओर्फा झुलत्या पुलावरून स्वतः चालत आली. हे विशेष होतं. दोघींची चुरस जत्रेतल्या पहिल्या बक्षिसाच्या निळ्या फितीपासून ते चर्चच्या जेवणापर्यंत सगळीकडे. कुणाच्या बरणीतलं पाणी जास्त नितळ यावर दोघींनी आयुष्याचा बराच भाग घालवला होता. त्या ओर्फाच्या बटाट्यांवर यंदा करपा पडला होता. चर्चच्या मेळाव्याला तिची तिन्ही मुलं बायकापोरांसह ओहायोहून येणार होती, आणि घरच्या बटाट्यांशिवाय त्यांचं जेवण होत नाही. ओर्फाने घसा ताणून, खालमानेने बटाटे मागितले. आयडेलाला एवढा आनंद तिच्या लग्नातही झाला नव्हता. तिने फळीवरच्या सगळ्यांत देखण्या सात बरण्या काढल्या, एकसारखे बटाटे, पाणी आरशासारखं, आणि हर्शेलच्या हाती पोचत्या केल्या. त्या कुठल्या होत्या हे सांगायला नको.

मेळाव्याच्या आदल्या दिवशी, शनिवारी, आयडेला कुकर चढवत होती. हर्शेलने मागे जाऊन सिलेंडर हलवून पाहिला आणि दारातूनच, उंबऱ्याच्या बाहेर पाय ठेवून, काहीतरी बोलला. त्याचे ओठ हलताना तिला दिसले. ती हात पुसत समोर गेली आणि पुन्हा सांग म्हणाली. बायकोने आपलं बोलणं दुसऱ्यांदा मागावं याचं हर्शेलला एवढं अप्रूप वाटलं की तो घोळवून, मोठ्याने, सविस्तर सांगायला लागला. सिलेंडर अर्धाअधिक भरलेला आहे, त्या दिवसासारखं मधेच बंद पडणार नाही. कुठल्या दिवशी? अगं, तो उकाड्याचा दिवस. मयतांच्या बातम्या अजून चालू होत्या, म्हातारा फ्यूगेट गेल्याचं सांगत होते, आणि आतलं छुकछुक थांबलं. तू आत गेलीस तेव्हा तर बातम्या संपून भजनंही संपत आली होती.

"मग तोंडात काय मूग भरले होते?" आयडेलाने विचारलं.

"कुकरबद्दल बोलायचं नाही असा कायदा आहे," हर्शेल म्हणाला. "तेव्हा मला वाटलं, टोमॅटो असतील, त्यांना कमी वेळ लागतो. आणि तू इथेच तर बसली होतीस, माझ्याहून जवळ. तुला ऐकू आलंच असणार."

आयडेलाने गॅस बंद केला आणि खुर्चीत बसली. उद्या दुपारी ओर्फा त्या बरण्या उघडणार, बटाटे निथळून डुकराच्या चरबीत परतणार, आणि तिची मुलं, सुना, नातवंडं ताटं पुढे करणार. काही होईल असं नाही. पण होऊ शकतं, आणि झालं तर आईने वटारलेल्या डोळ्यांपुढे ती कुठे तोंड लपवणार.

आता बरण्या परत आणायच्या. आणि इथेच अडलं होतं. खोऱ्यात दिलेली बरणी परत येते ती रिकामी, धुतलेली, झाकण आवळायच्या कड्यासकट. बरणी बुडवणाऱ्या बाईला लोक वर्षानुवर्षं नावं ठेवतात. पण भरलेली बरणी परत मागितल्याचं कोणी ऐकलेलं नव्हतं. ते म्हणजे मुलगी दिली आणि वरातीतून परत आणली. त्यातून कारण विचारलं तर काय सांगायचं? गॅस संपला, ठीक. मग तुला कसं कळलं नाही? तू तर कानाने कुकर चालवतेस.

तिने आधी खोटं बोलून पाहिलं. पूल ओलांडून गेली आणि म्हणाली की त्या बरण्यांच्या काठाला टवके आहेत, बदलून देते. ओर्फाने एकेक बरणी खिडकीशी धरली. टवका कुठेच नव्हता. मग ओर्फाने कमरेवर हात ठेवून जे सुनावलं, त्यातलं निम्मं आयडेलाच्या कानात शिरलं, पण निम्मंही पुरेसं होतं. दिल्याचा पस्तावा होत असेल तर सरळ सांग, माझ्या घरी बटाट्यावाचून कोणी मेलेलं नाही, असा एकूण सूर होता. आयडेला लाल चेहऱ्याने परत आली आणि तिने हर्शेलला पाठवलं. गोड बोलून आण, नाहीतर उचलून आण, कसंही आण. हर्शेल तासाभराने परतला. त्याच्या हातात बरण्या नव्हत्या, मिशीला सफरचंदाच्या पायचा चुरा लागला होता, आणि ओर्फाचा धाकटा नातू किती उंच झालाय ते सांगायची त्याला घाई होती.

रविवारी चर्चमध्ये आयडेलाने पाद्रीबुवांचा एक शब्द ऐकला नाही, आणि यावेळी दोष कानांचा नव्हता. मेळावा सुटला. लोक आपापल्या पाहुण्यांना घेऊन घरोघरी गेले. आयडेला टोपी न काढता तशीच पूल उतरून ओर्फाच्या घरात शिरली, मागून हर्शेल. स्वयंपाकघर माणसांनी भरलं होतं. सुना ताटं मांडत होत्या, पोरं पायांत येत होती, काळ्या लोखंडी तव्यात चरबी तापली होती, आणि ओर्फा पहिल्या बरणीचं झाकण उचकटत होती. झाकण निघालं. बटाटे पांढरे, सुंदर.

"ओर्फा, ते टाकून दे," आयडेला म्हणाली. "सातही टाक. कुकर मधेच थांबला होता आणि मला कळलं नाही. मला ऐकू येत नाही."

स्वयंपाकघरात शांतता पसरली की गलका झाला, हे आयडेलाला सांगता आलं नसतं. तिने फक्त ओर्फाकडे पाहिलं. ओर्फाने बरणी खाली ठेवली, तवा आचेवरून बाजूला ओढला, आणि तिच्या अगदी तोंडाशी येऊन उभी राहिली.

"ते अख्ख्या खोऱ्याला माहीत आहे," ती ओरडली. "दोन वर्षं तुझ्याशी बोंबलून बोलतेय मी. माझा घसा फाटला. तुला काय वाटलं, मला माज आलाय?"

"हो," आयडेला म्हणाली. "मला तसंच वाटलं."

ओर्फाचा थोरला मुलगा आधी हसला, मग सुना, मग ओर्फा स्वतः, डोळ्यांना ॲप्रन लावून. हसू ओसरल्यावर तिने आयडेलाचा दंड धरला आणि बराच वेळ सोडला नाही. सातही बरण्या, बटाट्यांसकट आणि काचेसकट, मुलांनी परसात खोल खड्डा करून पुरल्या. "आयडेलामावशी, दोन शब्द बोलणार का मयताबद्दल?" असं थोरल्याने तिच्यासमोर येऊन विचारलंसुद्धा. ओर्फाला बटाट्यांचं काही वाटलं नाही, बरण्यांचं वाटलं. चांगली काच मातीत घालताना तिने तोंड फिरवलं. त्या दिवशी टेबलावर कोंबडी होती, घेवडा होता, मक्याचा पाव होता, आणि बटाटे सोडून सगळं होतं.

या सगळ्या गोंधळात एक माणूस दाराशी टोपी हातात धरून तसाच उभा राहिला होता. अख्ख्या खोऱ्याला माहीत होतं यात एक चूक होती. हर्शेलला माहीत नव्हतं.

घरी जाताना तो झुलत्या पुलाच्या मधोमध थांबला. आयडेला पुढे होती, पूल हलायचा थांबला तेव्हा तिने वळून पाहिलं. तो तिच्यासमोर आला.

"मला वाटलं, तुला माझा कंटाळा आला," तो म्हणाला, हळू, ओठ नीट हलवत. "मी बोलायला लागलो की तू उठून जायचीस. म्हणून मी कुत्र्याशी बोलायला लागलो."

आयडेलाला त्यातला शब्दन् शब्द कळला, आणि तिला रडू आलं. "मला वाटलं, तू बोलायचं सोडलंस," ती म्हणाली. "सुरुवातीला बरं वाटलं होतं रे. मग नव्हतं बरं वाटत."

पुढच्या आठवड्यात ओर्फाने सात रिकाम्या बरण्या पाठवल्या, धुतलेल्या, कड्यांसकट, स्वतःच्या फळीवरच्या. बरणी बुडवली असं कोणी म्हणायला नको. आयडेलाने शहरात जाऊन कानाचं यंत्र आणलं. ते चर्चमध्ये सासूच्या यंत्राइतकंच शिट्ट्या मारतं, आणि हातपंख्याआड हसणाऱ्यांना ती आता हक्काने डोळे वटारते. त्यातून माणसाचं बोलणं ऐकू येतं, भांडी तर नको इतकी ऐकू येतात, पण बरणीचं बारीक "टिंग" काही येत नाही.

म्हणून शेवटचे बटाटे निघाले तेव्हा कायदा बदलला. हर्शेलला उंबऱ्याच्या आत घेतलं, नेमकं छतावरच्या हिरव्या डागाखाली खुर्ची दिली, आणि काम एकच दिलं. कुकर चालू असेपर्यंत छुकछुक ऐकायचं, थांबलं की हात वर करायचा. बाकी कशालाही हात लावायचा नाही. हर्शेल चाळीस मिनिटं त्या खुर्चीत चर्चमध्ये बसावं तसा बसला. वजनाचा ताल जरा बदलला की भुवई उचले, आणि आयडेला आच सारखी करी.

मग बरण्या बाहेर आल्या, टॉवेलवर मांडल्या गेल्या, आणि रिवाजाप्रमाणे बोलणं बंद झालं. हर्शेलने एक बोट वर केलं. थोड्या वेळाने दुसरं. मग दोन लागोपाठ. आयडेला बरण्यांकडे बघतच नव्हती, नवऱ्याच्या हाताकडे बघत होती. पाचवी वाजली, सहावी वाजली, आणि सातवी वाजेना. मक्याचा पाव निवून गेला. कुत्रं दाराशी येऊन बसलं. तिने खुणेने सांगितलं की असू दे, राहिली तर आज रात्री खाऊन टाकू, तू जेवायला चल. हर्शेलने नकारार्थी मान हलवली. आयुष्यात कधी पाच मिनिटं तोंड न मिटलेला तो माणूस सहा बोटं वर करून, मान वाकडी करून, त्या एका बरणीशी कान लावून बसून राहिला.

शेवटी सातवं बोट वर आलं.

"कसा आला?" आयडेलाने विचारलं.

हर्शेल तिच्याकडे वळला आणि ओठांनी, सावकाश, तो आवाज करून दाखवला. तिला तो पहिल्या वेळेलाच कळला होता, तरी तिने त्याला आणखी एकदा करायला लावला.